तीनशे बारा ओळींची यादी

या वेळचं पत्र नाशिकहून आलंय. थोडं छाटून देतो.

"काका, वय २७, औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मध्यंतरी धाकट्या भावाबरोबर बॅटमॅनचा सिनेमा पाहिला आणि तो डोक्यातून जाईना. म्हटलं, मूळ कॉमिक्स वाचू. दुकानात 'बॅटमॅन अँड रॉबिन' नावाचं पुस्तक दिसलं. आत 'अंक १ ते ६' असं लिहिलेलं होतं, म्हणजे सुरुवातीपासूनचं असणार, म्हणून घेतलं. घरी येऊन उघडते तर बॅटमॅन हा ब्रूस वेन नाहीच! तो म्हणे मेलाय. त्याच्या पोशाखात डिक नावाचा दुसराच कुणीतरी. रॉबिन म्हणजे ब्रूसचा दहा वर्षांचा मुलगा, इतका आगाऊ की धरून दोन द्याव्यात. पुढे एक लाल हेल्मेटवाला येतो, तो आधीचा रॉबिन, तो पूर्वी मेला होता. अंक एक ते सहामध्ये हे सगळं! भावाला विचारलं तर हसायला लागला. 'ताई, आधी क्रायसिस वाच, मग दुसरी क्रायसिस, मग तिसरी…' मी शेवटी इंटरनेटवरून क्रम गोळा करून एक्सेल शीट केली. ३१२ ओळी झाल्या. रंगही दिलेत: लाल म्हणजे अत्यावश्यक, पिवळा म्हणजे महत्त्वाचं, हिरवा म्हणजे जमल्यास. चार महिने झाले. एकही ओळ वाचून झालेली नाही. हे आपल्यासाठी नाहीच का? सुरुवात नेमकी कुठून करायची? – गॉथममध्ये वाट चुकलेली."

वाट चुकलेल्या मुली,

आधी त्या लाल हेल्मेटवाल्याचं बघू. तू फार वैतागून विचारलंयस म्हणून त्याची कुळकथा मी पुरती सांगतो. ती कळल्याने तुझं काय भलं झालं, हे मग आपण दोघं मिळून तपासू.

रॉबिन म्हणजे बॅटमॅनचा पोरसवदा साथीदार. पहिला रॉबिन डिक ग्रेसन, १९४० सालचा. सर्कशीतला मुलगा, आईवडील झुल्यावर कसरती करणारे, गुंडांनी त्यांना मारलं. हा डिक मोठा झाला, तेव्हा कंपनीला नवा रॉबिन हवा होता. १९८३ मध्ये जेसन टॉड आला. तोही सर्कशीतला, त्याचेही आईवडील कसरती करणारे, त्यांनाही मारलं. दहावीच्या वर्गात शेजारच्याची वही उतरवतानासुद्धा मुलं नावापलीकडे दोन शब्द बदलतात! पुढे १९८७ मध्ये ठरलं की झालं गेलं पुसायचं. मग हाच जेसन सर्कशीतला राहिला नाही, तो गॉथमच्या, म्हणजे बॅटमॅनच्या शहरातल्या, गल्लीतला उनाड पोरगा झाला आणि बॅटमॅनला पहिल्यांदा भेटला तो बॅटमोबिलची चाकं चोरताना. हा नवा जेसन तापट होता, पुष्कळ वाचकांच्या डोक्यात जायचा. १९८८ मध्ये डीसीने, म्हणजे बॅटमॅन छापणाऱ्या कंपनीने, एका अंकाच्या शेवटी जोकरच्या हल्ल्यात त्याला अडकवलं आणि दोन फोन नंबर छापले: एक तो जगावा म्हणून, एक तो मरावा म्हणून. फोनला पन्नास सेंट. मरू दे म्हणणारे ५,३४३, जगू दे म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला. ग्रामपंचायतीचा सदस्यसुद्धा याहून जास्त फरकाने पडतो.

मग २००५ मध्ये तो परत आला. कसा? अधिकृत खुलासा असा: सुपरबॉय-प्राइम नावाचा एकजण वास्तवाच्या पलीकडे अडकला होता, त्याने रागाने वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले, त्या हादऱ्यांनी इतिहास इकडचा तिकडे झाला आणि जेसन कबरीत जागा झाला. मी थट्टा करत नाहीये. हे छापलेलं आहे.

आता तुला सगळं कळलं. ते पुस्तक जास्त आवडलं का? माझा अंदाज आहे, नाही. कारण त्या सहा अंकांत लेखकाने तुला हवं तेवढं आधीच सांगितलं होतं: हा माणूस पूर्वी रॉबिन होता, गुन्हेगारांना ठार मारावं असं त्याचं मत आहे, आणि जुन्या सोबत्याने बॅटमॅनचा पोशाख चढवलाय हे त्याला सहन होत नाही. गोष्टीला एवढंच लागतं. तू अडलीस, कारण तुला वाटलं की इथे एक परीक्षा आहे आणि तू अभ्यास न करता वर्गात शिरलीस.

माझी आई महिनाभर मामाकडे राहून परत येते. तिच्या संध्याकाळच्या मालिकेत तोवर एकाचा अपघात झालेला असतो, एकाची स्मृती गेलेली असते, आणि थोरल्या जावेच्या भूमिकेत दुसरीच बाई आलेली असते. आई चहाचा कप घेऊन बसते, दहा मिनिटं बघते आणि म्हणते, "ही नवीन जाऊ बरी नाही हो." झालं. तिला मागचे तीस भाग लागत नाहीत. तू मात्र ब्रूस वेन दिसला नाही म्हणून पुस्तक मिटलंस. क्वालिटी कंट्रोलवाल्यांचा हा दोष असावा. बॅच नंबर जुळला नाही की माल परत.

हा सगळा गुंता होतो कशामुळे, ते कळलं तर तुझी भीती जाईल, म्हणून तेवढं सांगतो. सुपरमॅन १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी छापून आणला. हक्क विकले, एकशे तीस डॉलरला. तिथपासून हिरो कंपनीचा. लेखक येतात, जातात, भांडून निघून जातात, मरतात. हिरो पगारपत्रकावर कायम. त्याला दर महिन्याला बाजारात यावंच लागतं, आणि म्हाताराही होता येत नाही. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, १९६२ मध्ये पंधरा वर्षांचा होता. हिशेबाने आज तो ऐंशीच्या आसपास हवा. प्रत्यक्षात तिशीच्या अलीकडे-पलीकडे घुटमळतोय. टोनी स्टार्क, तुझा आयर्न मॅन, १९६३ मध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला. ते जुनं वाटायला लागल्यावर तोच प्रसंग अफगाणिस्तानात हलवला. तोही काळ मागे पडणार हे दिसल्यावर मार्व्हलने, म्हणजे या दोघांच्या कंपनीने, सिन-काँग नावाचा एक काल्पनिक देश आणि त्याचं काल्पनिक युद्धच पुढे केलं, म्हणजे तारखेचा प्रश्नच नको. पीटरचं १९८७ मध्ये लग्न लावलं आणि वीस वर्षांनी, २००७ मध्ये, एका सैतानाशी सौदा करवून ते लग्न झालंच नव्हतं असं ठरवलं. घटस्फोट दाखवला तर हिरो वयस्कर वाटेल ना!

डीसीकडचा किस्सा मला सगळ्यात आवडतो. १९५६ मध्ये त्यांनी फ्लॅश, म्हणजे विजेच्या वेगाने धावणारा हिरो, नव्याने आणला: बॅरी ॲलन. चाळीसच्या दशकात त्यांचाच एक फ्लॅश होऊन गेला होता, जे गॅरिक. मग बॅरीने ते नाव घेतलं कुठून? तर तो लहानपणी जे गॅरिकची कॉमिक्स वाचायचा! म्हणजे हिरो स्वतःच वाचक. १९६१ मध्ये एका गोष्टीत बॅरी चुकून दुसऱ्या पृथ्वीवर पोचतो आणि तिथे जे गॅरिक खराखुरा, हाडामांसाचा, कानशिलं पिकलेला भेटतो. मग बॅरीच्या जगात त्याच्या गोष्टी छापून कशा आल्या? गार्डनर फॉक्स नावाच्या लेखकाला त्या स्वप्नात दिसायच्या म्हणे. आणि ही गोष्ट लिहिणारा कोण? गार्डनर फॉक्सच. एवढी गोड लबाडी क्वचित वाचायला मिळते. पण तिथून 'पृथ्वी एक' आणि 'पृथ्वी दोन' सुरू झाल्या, मग तिसरी, मग आणखी, आणि १९८५ पर्यंत इतक्या झाल्या की नव्या वाचकाला कळावं म्हणून 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही बारा अंकांची मालिका काढून त्या सगळ्यांची एकच पृथ्वी केली.

लक्षात आलं का? तुझ्या भावाने तुला समजण्यासाठी जे आधी वाचायला सांगितलं, ते मुळात तुझ्यासारखीला काहीच आधी वाचावं लागू नये म्हणून काढलेलं होतं. त्यात शेकडो पात्रं आहेत. जॉर्ज पेरेझची चित्रं अप्रतिम आहेत, पण पहिलं पुस्तक म्हणून ते वाचणं म्हणजे कुणाच्या लग्नात ओळखदेख नसताना शिरून थेट आहेराच्या नोंदवहीचं काम अंगावर घेणं.

आणि झाडलोट कायमची कधीच झाली नाही. १९९४ मध्ये पुन्हा एक केली, २००५ मध्ये पुन्हा. २०११ मध्ये तर एका दमात ५२ मासिकं 'अंक १' पासून सुरू केली आणि सांगितलं की हे सगळे हिरो मिळून जेमतेम पाच वर्षांपूर्वी अवतरले. फक्त बॅटमॅनचा जुना संसार खपत होता, तो मोडवेना. म्हणजे त्या पाच वर्षांत बॅटमॅनचे चार रॉबिन होऊन गेले, आणि चौथा त्याचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा. तुझ्या एक्सेलमध्ये ही बेरीज घालून बघ.

तेव्हा 'अंक १' हा शब्द वाचलास तरी सुरुवात हाती लागली असं धरू नकोस. तो अंक दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला उद्देशून असतो. पहिला अंक जास्त खपतो, एवढंच त्यामागे. तुझं ते पुस्तक २००९ मधलं. त्याच्या आधी ग्रँट मॉरिसन नावाच्या लेखकाने तीन वर्षं बॅटमॅन लिहिला होता, त्याच गोष्टीला नवं दार लावून पुन्हा एक पासून मोजायला सुरुवात केली.

आता मला खरं म्हणजे जे सांगायचंय ते. सुरुवातीपासून कुणीच वाचलेलं नाही. तुझ्या भावानेही नाही, विचार त्याला. साठच्या दशकातलं अमेरिकन पोरगं औषधाच्या दुकानात फिरत्या स्टँडवरून मिळेल तो अंक उचलायचं. पुढच्या महिन्यात तेच मासिक त्या स्टँडवर येईल याची खात्री नसायची. फक्त कॉमिक्सच विकणारी दुकानं सत्तरच्या दशकात वाढली. त्याआधीचा वाचक म्हणजे मधूनच येणारा आणि मधूनच जाणारा. मार्व्हलच्या लेखकांना ते पक्कं ठाऊक होतं. जुन्या घटनेचा उल्लेख आला की चौकटीच्या कोपऱ्यात चांदणी आणि खाली बारीक टीप: हे अमुक अंकात घडलं होतं. ती टीप वाचून धावत जाऊन तो अंक आणावा अशी कुणाची अपेक्षा नव्हती, कारण तो मिळणारच नव्हता. त्या टिपेने काय व्हायचं? या खोलीच्या मागे आणखी खोल्या आहेत, असं वाटायचं. न वाचलेल्या अंकाची ती चव होती. तू तिला अजीर्ण समजलीस.

मी स्वतः 'वेताळ' असाच वाचला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्स काढली, मराठीतही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रद्दीवाला होता. तराजूच्या मागे गोणपाटावर इंद्रजालचा ढीग, वरच्या अंकांना चहाच्या कपाचे गोल डाग, पुष्कळांना मुखपृष्ठच नाही. आठ आण्याला दोन, आणि वाचून परत केलं तर चार आणे परत. कुठलं साल, कुठला क्रमांक, काही नाही. एका अंकात वेताळाचं लग्न झालेलं, पुढच्यात तो प्रेयसी डायनाला दुरून पत्र लिहितोय. आम्ही कधी चक्रावलो नाही. हा एकविसावा वेताळ, बापाने लेकाला मुखवटा देत आलेलं घराणं, लोकांना वाटतं हा अमर. एवढं प्रत्येक अंकाच्या सुरुवातीच्या दोन चौकटींत असायचं. वर त्या गोष्टींचं नशीब असं की ज्या ली फॉकने १९३६ मध्ये वेताळ जन्माला घातला, तोच १९९९ मध्ये मरेपर्यंत लिहीत राहिला. एका हाताचा माल. म्हणून वेताळाच्या वाचकाला कधी एक्सेल लागली नाही.

तुझ्या प्रश्नाचं व्यवहारातलं उत्तरही त्यातच आहे. पात्राच्या मागे जाऊ नकोस, हाताच्या मागे जा. बॅटमॅन हे नाव म्हणजे मोठी धर्मशाळा आहे. त्यात ८५ वर्षांत शेकडो जण मुक्काम करून गेले, काही घाण करून गेले. एक लेखक, एक चित्रकार, ठरलेली सुरुवात, झालेला शेवट, असं पुस्तक शोध.

तुझ्यासाठी ते 'बॅटमॅन: यर वन'. १९८७ चे चार अंक, फ्रँक मिलरने लिहिलेले, डेव्हिड मॅझुकेलीने काढलेले. एका संध्याकाळी संपतं. पहिलं पान उघडशील तेव्हा तारीख दिसेल, चार जानेवारी. जिम गॉर्डन हा पोलीस अधिकारी रेल्वेने गॉथमला येतोय, खिडकीतून घाण, गर्दी बघतोय आणि मनात म्हणतोय, विमानाने यायला हवं होतं, वरून नुसत्या इमारती दिसल्या असत्या, शहर सुसंस्कृत वाटलं असतं. त्याच दिवशी ब्रूस वेन विमानाने येतोय, खाली स्वच्छ नकाशासारखं शहर बघतोय आणि मनात म्हणतोय, रेल्वेने यायला हवं होतं, जवळून दिसलं असतं. दोन माणसं कोण आहेत, हे पहिल्याच पानावर कळतं. मुखवटा नाही, मारामारी नाही. दोघांचे विचार वेगळ्या चौकटींत, वेगळ्या हस्ताक्षरात लिहिलेत, तेही बघ. पुढे बॅटमॅन व्हायच्या आधीच्या रात्री ब्रूस रस्त्यावर मार खाऊन, भोसकला जाऊन घरी परत येतो आणि बापाच्या खोलीत अंधारात बसतो. हाताशी घंटा आहे. वाजवली तर घरचा नोकर आल्फ्रेड येईल, टाके घालेल, जीव वाचेल. तो वाजवत नाही. पुढचं सांगत नाही.

हे वाचताना एक कर. पहिल्यांदा वाचताना आपण फुग्यांतले शब्द वाचत पळतो, चित्र डोळ्याच्या कडेने बघतो. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांचं हे जास्त होतं, कारण इंग्रजी वाक्य समजून घेण्यातच अर्धं लक्ष जातं. वाचून झालं की मागे जा आणि फक्त चित्रं बघ, शब्द झाकून. घंटेचा प्रसंग तसा बघ.

ते झालं आणि बॅटमॅनच हवा असेल तर 'द लाँग हॅलोविन': जेफ लोब आणि टिम सेल, १९९६-९७, तेरा अंक, जवळजवळ प्रत्येक अंकात एखाद्या सणाला खून. तू पाहिलेल्या सिनेमाशी त्याचं नातं तुला आपोआप दिसेल.

सुपरमॅन तुला आवडतो की नाही माहीत नाही. न आवडणाऱ्यांना मी 'ऑल-स्टार सुपरमॅन' देतो. पुन्हा मॉरिसन, चित्रं फ्रँक क्वाइटलीची, बारा अंक. त्यात पहिल्या पानावर चार चौकटी आहेत आणि आठ इंग्रजी शब्द. नष्ट होत असलेला ग्रह, हतबल शास्त्रज्ञ, शेवटची आशा, मायाळू जोडपं. संपलं. सत्तर वर्षांची कंटिन्युइटी, म्हणजे मागच्या सगळ्या अंकांची एकमेकांत गुंतलेली हकीकत, एका पानात बसवून पान उलटलं की सुपरमॅन सूर्याजवळ उडतोय. तुझी शीट करायला किती शनिवार-रविवार गेले म्हणालीस?

मार्व्हलकडचं हवं असेल तर 'मिस मार्व्हल', २०१४ पासूनचं, जी. विलो विल्सनचं. जर्सी सिटीतली कमला खान, सोळा वर्षांची, आईवडील पाकिस्तानातून आलेले. सुरुवातीलाच ती दुकानात बेकनच्या सँडविचचा नुसता वास घेत उभी आहे, कारण खायचं तर नाही. रात्री पार्टीला जाऊ देत नाहीत म्हणून घरात जो संवाद होतो, तो नाशिकच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये होईल. किंवा मॅट फ्रॅक्शन आणि डेव्हिड आहा यांचा 'हॉकआय', २०१२ चा. ॲव्हेंजर्समधला हा धनुष्यबाणवाला सुट्टीच्या दिवशी काय करतो, एवढाच विषय. अकरावा अंक पूर्ण त्याच्या कुत्र्याच्या नजरेतून आहे. माणसं बोलतात, पण कुत्र्याला समजणारे तेवढेच दोन-चार शब्द वाचता येतात, बाकी फुग्यांत रेघोट्या. आणि प्रत्येक माणसाभोवती वासांची छोटी छोटी चिन्हं जोडलेली, हा कॉफीचा, हा पिझ्झाचा, हा रक्ताचा. कॉमिक्सनेच करता येईल अशी गोष्ट बघायची तर ही बघ.

घेताना दोन खबरदाऱ्या. पुस्तक उघडून आधी तो बारीक अक्षरांचा मजकूर वाच, जिथे कॉपीराइट वगैरे असतं. आत कुठल्या मासिकाचे कुठले अंक आहेत ते तिथे असतं. एकाच मासिकाचे सलग अंक असतील तर बिनधास्त घे. चार मासिकांचे एक-एक अंक दिसले तर ठेवून दे, तो 'इव्हेंट'चा माल आहे: सगळे हिरो एकत्र, जगाचा अंत, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या पुस्तकात. इव्हेंट हे ज्यांच्या घरात आधीच ढीग आहे त्यांच्यासाठी असतात. दुसरी खबरदारी पैशांची. ऑम्निबस नावाच्या विटा, म्हणजे ढीगभर अंक एकत्र बांधलेले जाडजूड ग्रंथ, सध्या घेऊ नकोस. मुंबईला आलीस तर फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुनी पुस्तकं बघ. सुटे अंकही निघतात कधीकधी, आणि मधलाच एखादा अंक वाचण्याची सवय तुला लावायचीच आहे. मार्व्हलचं महिन्याच्या वर्गणीचं ॲप आहे, त्यात जुना साठा प्रचंड आहे, पण तुझा स्वभाव बघता तू तिथेही यादीच करशील. थोडं थांब.

अनोळखी माणूस पानावर आला तर काय करायचं? त्याला काय हवंय ते कळतंय का, एवढं बघ. नाव, गाव, कुळ नंतर. कळत असेल तर पुढे चल. वीस पानं झाली आणि तेही कळेना, तर लेखक कमी पडलाय, तू नाहीस, पुस्तक मीट. विकिपीडियावर जायचं तर वाचून झाल्यावर जा, बडीशेप खावी तसं.

अलीकडचं काहीतरी वाचायचं असेल तर कंपन्यांनी स्वतःच वेगळी बिऱ्हाडं थाटलीत. मार्व्हलने जानेवारी २०२४ मध्ये 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' नव्याने सुरू केला. त्यात पीटर तिशी ओलांडलेला, बायको, दोन मुलं, आणि कोळ्याची शक्ती त्याला आत्ता कुठे मिळते. डीसीच्या 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'मध्ये ब्रूसकडे वाडा नाही, पैसा नाही. कंटिन्युइटी सगळी काढून टाकली तरी काय उरतं ते तिथे दिसतं. हा प्रयोग आपल्याकडेही झालाय: २००४ मध्ये 'स्पायडर-मॅन: इंडिया' निघालं, मुंबईचा पवित्र प्रभाकर, निळ्या-लाल पोशाखाबरोबर धोतर, भीम काका आणि माया काकू. धोतर नेसून इमारतीवरून झोके घ्यायचे हे मला आजही पटत नाही, पण काका गेल्यावर पोराच्या पोटात काय होतं ते मुंबईतही तसंच होतं.

आणि ते पुस्तक. परत करू नकोस, आणि विकूही नकोस. 'यर वन' झालं की पुन्हा उघड. तू चिडून पुढे गेलीस म्हणून तुझ्या नजरेतून एक गंमत सुटली असणार. पहिले तीन अंक क्वाइटलीनेच काढलेत. त्यात आवाज वरून चिकटवलेले नाहीत, चित्रातच मिसळलेत. गाडीचा स्फोट होतो तेव्हा ज्वाळांचाच 'बूम' झालेला असतो. कुणी पाण्यात पडतं तेव्हा उडालेल्या पाण्याचीच अक्षरं होतात. ते शोध. आणि त्या आगाऊ पोराकडे जरा वेगळं बघ. त्याचा बाप गेलाय, बापाचे कपडे घालून दुसराच माणूस समोर उभा आहे, आणि तो याला 'रॉबिन' म्हणून हाक मारतो. दहा वर्षांचं पोर आणखी कसं वागणार?

भावाशी भांडू नकोस. पण त्याला क्रम विचारणं बंद कर. एकदा जेवताना विचार, "तुला कुठल्या अंकाला रडू आलं होतं?" तो आधी उडवून लावेल, मग नंतर आत जाऊन एखादा मळका अंक आणेल. तो वाच. तो मधलाच असेल, आणि त्यात कुणीतरी मेलेलं जिवंत असेल.

ती शीटही त्यालाच पाठवून दे. त्याचा जीव त्यात रमेल, आणि दोन ओळी चुकल्यात म्हणून तो आठवडाभर तुझ्या मागे लागेल.

ता. क. कुणी वाढदिवसाला ऑम्निबस दिलाच, तर झोपून वाचू नकोस. माझ्या नाकाचं हाड त्याची साक्ष देईल.